माग हरवला तर

बॉथेल, ३ सप्टेंबर २००६

मीनाक्षी,

माझं अक्षर पाहून तू पाकीट तसंच ठेवून देशील असं वाटलं, म्हणून पत्ता ऑफिसात छापून घेतला. आता उघडलंच आहेस तर दोन पानं वाच.

तुझी आई मार्चपासून नागपूरला आहे, आजीचं हाड अजून जुळत नाही, हे तुला माहीतच आहे. मी दर रविवारी तिला फोन करतो आणि तुझी खबर तिच्याकडून घेतो. तू राहतेस डोंगरापलीकडे ट्विस्पला, इथून चार तासांवर, पण तुझी बातमी मला नागपूरहून येते. मागच्या रविवारी ती म्हणाली, "यंदा ती एकटीच जाणार आहे शिकारीला. ज्या मैत्रिणीबरोबर जायची ती अलास्काला गेली." मी विचारलं, एकटी म्हणजे? तर म्हणाली, "एकटी म्हणजे एकटी. अहो, एवढी काळजी वाटते तर तिलाच फोन करा ना. मी काय टपालखातं आहे?"

फोन करायचं धैर्य मला नाही. तू उचललास तर काय बोलायचं हे ठरत नाही, आणि नाही उचललास तर तेही सोसणार नाही. पत्राचं बरं असतं. ते तिकडे पडून राहिलं तरी इकडे कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगला तू पांढऱ्या आइस बॉक्समधून हरणाची तंगडी आणलीस. कागदात नीट गुंडाळून, वर तारीख घालून. तुझी पहिली शिकार. सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी ती उचलली आणि मागच्या कचराकुंडीत टाकली. तुला म्हणालो, आपलं घर माळकरी आहे, आपल्या घरात आजवर कुणी हत्याराला हात लावलेला नाही. तू ओरडली नाहीस. "तुम्हाला खायचं नव्हतं तर नका ना खाऊ," म्हणालीस. "बाबा, तो जीव मी घेतला होता. तुम्ही तो कचऱ्यात टाकलात." आणि जेवणाच्या आत गाडी काढून निघून गेलीस. त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

त्यावर आज काही लिहीत नाही. आज फक्त कामाचं.

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत. त्यांनी इथला शिकारीचा कोर्स नुकताच केला. त्यांच्याकडून कळलं ते तुला कळवतो. तुला बरंचसं माहीत असेल, तरी पण.

सुती कपडे घालू नकोस, अगदी आतलेसुद्धा. सुती कापड भिजलं की अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर भिजली तरी ऊब धरते. इथे जंगलात मरणारी माणसं बर्फात कमी आणि पावसात जास्त मरतात, असं ते गृहस्थ म्हणतात. नारिंगी जाकीट घालशीलच, कायदाच आहे, पण टोपीही नारिंगी घे. हरणाला तो रंग वेगळा दिसत नाही, माणसाला दिसतो. झाडीत पहिल्यांदा डोकं दिसतं. काड्या कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीत ठेव, झाकण घट्ट बसतं. शिट्टी गळ्यात असू दे, खिशात नको. पडल्यावर खिशापर्यंत हात पोचेलच असं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुठे जाणार, कुठल्या वाटेने, गाडी कुठे लावणार, किती वाजता परत, हे एका कागदावर लिहून कुणातरी माणसाकडे दे. ठरलेल्या वेळेला फोन आला नाही तर त्या माणसाने शेरीफला कळवायचं. तिकडे कुणी असेलच. नसेल तर कागद माझ्याकडे पाठवलास तरी चालेल.

बाबा


बॉथेल, १७ सप्टेंबर २००६

मीनाक्षी,

शिट्टी आणि लोकरीची टोपी पोस्टाने पाठवली आहे. मोठी झाली तर आतून एक टाका घाल.

तुझं उत्तर नाही. यायला हवं असंही नाही. पण मी मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं, ते दोन आठवडे टोचतंय. ऑफिसातले ते गृहस्थ कुणी नाहीत. कोर्स मीच करतोय.

घरापासून वीस मिनिटांवर एका नेमबाजी क्लबचा हॉल आहे. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. लोखंडी घडीच्या खुर्च्या, भिंतीवर हरणांची डोकी, आणि वर्गात तीस जणांपैकी वीस तरी शाळकरी मुलं. पहिल्या दिवशी माझ्या शेजारच्या मुलीने विचारलं, "तुम्ही कुणाचे आजोबा?" मी म्हणालो, कुणाचाच नाही अजून. तिने पुस्तकातलं हरणाचं चित्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "मग आपण दोघं जोडी."

शिकवणारे लुंडग्रेन नावाचे आहेत. वय सत्तरीच्या पुढे, पूर्वी अलास्काला मासेमारीच्या बोटीवर होते. त्र्यंबक म्हणता येत नाही म्हणून त्यांनी मला ट्रिम केलं आहे. माझा फॉर्म वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ट्रिम, तू सत्तावन्न सालचा? बहात्तरच्या आधी जन्मलेल्यांना हा कोर्स लागतच नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"मग कशाला आलास?"

"माझी मुलगी शिकार करते."

"मग तिला विचार की."

मी वही उघडून बसलो. त्यांनी पुढे विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून वर्ग सुटल्यावर खुर्च्या आवरायला मला थांबवून घेतात. मलाही घरी जायची घाई नसते. घरी गेल्यावर कुकरची एक शिट्टी होते आणि स्वयंपाक संपतो.

तर शिकलो ते. सुरी मोठी घेऊ नकोस, चार इंचाचं पातं पुरे. मोठ्या सुरीने माणूस स्वतःलाच कापतो. पण धार रोज बघ. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि तिथेच ती निसटते. पातळ कापडाच्या पिशव्या मिळतात, त्या चार घे, कारण मांस प्लॅस्टिकमध्ये ठेवलं की आत उकडतं. जनावर पडल्यावर पहिलं काम ते थंड करणं. फोटो नंतर.

कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी कर, नळी दुसरीकडे करून तारेखालून पलीकडे सरकव, मग तू दुसऱ्या खांबाजवळून ओलांड. परवा हॉलमध्ये खोटं कुंपण उभारून लाकडी बंदुकीने हे प्रत्येकाकडून करून घेतलं. माझी पाळी आली. झाल्यावर लुंडग्रेन म्हणाले, "हे तू आधी केलेलं आहेस."

मी म्हणालो, नाही.

बाबा


बॉथेल, १ ऑक्टोबर २००६

मीनाक्षी,

परीक्षा पास झालो. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. नारिंगी कार्ड मिळालं आहे, त्यावर माझं नाव त्यांनी बरोबर लिहिलंय. शेजारच्या मुलीला एकोणपन्नास. तिने माझी कीव केली.

उद्या दसरा. सकाळी ऑफिसातल्या तराजूला एक झेंडूचं फूल वाहीन. दरवर्षी वाहतो. प्रयोगशाळेतली यंत्रं तपासून मी त्यांच्यावर सही करतो, निदान एक दिवस त्यांना नमस्कार करावा. पूर्वी लोक विचारायचे, आता फूल दिसलं नाही तर विचारतात.

काल लुंडग्रेन मला जंगलात घेऊन गेले. बंदूक नाही, नुसतं बघायला. म्हणाले, कागदावर पास झालेला माणूस अजून काहीच शिकलेला नसतो. आम्ही एका तोडलेल्या रानाच्या कडेला बसलो. उजाडलं. तास गेला, दोन तास गेले. समोर ताज्या लेंड्या, ताजे खूर, पण हरणाचं नाव नाही. एकदा झाडीतून एक मादी बाहेर आली, मान वर केली, नाक फुरफुरवलं आणि उलट्या पावली नाहीशी झाली.

लुंडग्रेननी माझ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन माझ्या कोटाचा वास घेतला.

"ट्रिम, तुला चर्चसारखा वास येतोय."

मी म्हणालो, निघण्याआधी देवाला उदबत्ती लावली होती.

त्यांनी पुन्हा वास घेतला. "आणि हे दुसरं काय? कुणीतरी फटाका खाल्ल्यासारखं?"

हिंग! कोट मी वर्षभर स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला टांगतो. रोजच्या फोडणीचा हिंग-मोहरीचा धूर त्यात मुरलेला. शिवाय डोक्याला खोबरेल तेल. म्हातारा इतका हसला की डोळे पुसायला लागला. म्हणाला, "अर्ध्या काउंटीतल्या हरणांना कळलं असेल की ट्रिमकडे आज काय शिजलंय."

तू वरणाला फोडणी देत असशील असं मी धरून चालतो. म्हणून सांगतो. शिकारीचे कपडे घरात ठेवूच नकोस. बिनवासाच्या साबणाने धुऊन, बाहेर वाळवून, झाकणाच्या डब्यात फरच्या झाडाची पाल्यासकट डहाळी टाकून ठेव, डबा गाडीत. घरून निघताना दुसरे कपडे, तिथे गेल्यावर हे. आणि देवाला नमस्कार नुसत्या हातांनी कर. चालतो.

वारा बघायला लुंडग्रेनकडे पावडरची बाटली आहे. मी फुलवातीचा कापूस नेला होता. चिमूटभर पिंजून सोडला की तो दूरपर्यंत दिसतो, वारा कुठे वळतोय तेही कळतं. त्यांना ते इतकं आवडलं की उरलेला कापूस मागून घेतला. नेहमी वाऱ्याकडे तोंड करून चाल. सकाळी ऊन पडलं की वारा उतारावरून वर चढतो, संध्याकाळी खाली उतरतो. म्हणजे सकाळी वरच्या बाजूला बसणाऱ्याचं त्या वाऱ्याने काही बिघडत नाही आणि खाली बसणाऱ्याचं सगळं बिघडतं.

परत येताना त्यांनी गाडीत विचारलं, "मुलगी बोलत नाही का?" मी सांगितलं सगळं, तंगडीसकट. त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "मी फेकलं नसतं." एवढंच.

बाबा


बॉथेल, ९ ऑक्टोबर २००६

मीनाक्षी,

शनिवारी सीझन सुरू. हे पत्र तुला त्याच्या आधी मिळावं म्हणून आज दुपारीच टाकतो.

गोळी झाडण्याबद्दल. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. जनावर आडवं उभं असेल तरच. पळत असेल, तोंड तुझ्याकडे असेल, मागे काय आहे दिसत नसेल, तर झाडू नकोस. घरी रिकाम्या हाताने येण्यात काहीच कमीपणा नाही.

लागल्यावर ते बहुधा पळेल. तिथून पुढचं खरं काम. जागेवरून हलू नकोस. ते कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं, ती दोन्ही झाडं डोक्यात पक्की कर. घड्याळ बघ आणि अर्धा तास बसून राहा. लगेच मागे गेलीस तर ते उठून मैलभर जाईल. नंतर रक्त बघ. फेसाळ गुलाबी असेल तर जवळच मिळेल. गडद असेल तर आणखी थांब. हिरवट पाणी मिसळलेलं असेल तर तीन-चार तास थांब आणि देवाचं नाव घे. प्रत्येक डागाजवळ फांदीला रंगीत फीत बांध. मागे वळून पाहिलं की फितींची रांग दिशा सांगते. माग हरवला तर शेवटच्या फितीपासून गोल फिर, प्रत्येक फेरा थोडा मोठा. रक्तावर पाय देऊ नकोस.

यातलं अर्धं लुंडग्रेननी शिकवलं. अर्धं मला आबांनी शिकवलं होतं.

हो, तुझ्या आजोबांनी. आपल्या घरात कुणी हत्याराला हात लावलेला नाही, असं मी तुला सांगितलं ते खरं नाही. आबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतरक्षणाचा परवाना होता. गोंदियाकडच्या आपल्या गावात धान पिकायला आलं की रानडुकरं उतरायची, आणि लोक आबांना बोलवायला यायचे. दसऱ्याला त्या बंदुकीची पूजा व्हायची. शिकार घरात शिजायची, वाटे पडायचे, आणि पळसाच्या पानात बांधलेला एक वाटा मी घरोघर पोचवायचो. चांगलं शिजायचं. त्याची चव मला अजून आठवते, हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.

एकाहत्तर सालच्या दिवाळीच्या सुमारास, मी चौदा वर्षांचा असताना, आबांनी दिवेलागणीला एका डुकराला गोळी घातली. ते जखमी होऊन पळालं. अंधार पडत होता. आबा त्याच्या मागे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतली अनसूयाबाई गवत कापायला गेली आणि त्या डुकराने तिची मांडी फाडली. ती वाचली, पण पुन्हा काठीशिवाय चालली नाही. आबांनी बंदूक तालुक्याला जमा केली, पंढरपूरहून आलेल्या बुवांकडून माळ घातली आणि मलाही घातली. दर हंगामात अनसूयाबाईच्या घरी धानाचं पोतं जायचं. आबा स्वतः पाठीवर नेऊन टाकायचे.

म्हणून तुझी तंगडी पाहिली आणि माझ्या हातून ते झालं. कारण सांगतोय, सबब नाही.

जखमी जनावर सोडून येऊ नकोस, मीनाक्षी. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.

बाबा


बॉथेल, १८ ऑक्टोबर २००६

मीनाक्षी,

काल रात्री घरी पोचलो. बूट अजून बाल्कनीत ओले आहेत.

दोन दिवस आपण एकत्र होतो आणि बोललो ते फक्त रक्ताबद्दल, झाडांबद्दल आणि डब्यातल्या पोळ्यांबद्दल. मला तेवढंही पुष्कळ होतं. पण एक गोष्ट तोंडाशी आली आणि तिथेच राहिली, ती लिहितो.

रविवारी संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होतो. मशीनवर तुझा आवाज आला. "बाबा, मी आहे. काल चार वाजता मी एक बक हिट केला. अर्धा तास थांबले, तुम्ही लिहिलं तसं. आय लॉस्ट द ब्लड. आज दिवसभर शोधतेय, काही नाही. पत्रं वाचली मी. सगळी. म्हणून..." आणि तू थांबलीस. ओल्या हाताने मी फोन उचलला. "मी येतो," म्हणालो. तू म्हणालीस, "उद्या वर्किंग डे आहे, बाबा." दोन वर्षांनी आपलं पहिलं बोलणं हे.

तुझी शेवटची फीत त्या सपाट दगडापाशी होती. तिथून आपण गोल फिरलो, तू म्हणालीस तसं, मी लिहिलं तसं. सोमवार त्यात गेला. मंगळवारी सकाळी दोनच जागा उरल्या, वरची धार आणि खालची घळ. तू म्हणालीस, "बाबा, मी वर जाते, तुमचे गुडघे नाही चालणार. तुम्ही घळीत बघाल?"

मी हो म्हणालो. मीनाक्षी, मी त्या घळीच्या तोंडाशी किती वेळ उभा होतो ते तुला वरून दिसलं नसेल.

मागच्या पत्रात लिहिलं की आबा डुकराच्या मागे गेले नाहीत. ते खोटं आहे. आबा गेले होते. नाल्याच्या काठाने ते वरून गेले आणि मला म्हणाले, "तू घळीत बघून ये. टोकापर्यंत जा. दिसलं तर परत फिर, हाक मार." मी घळीच्या तोंडाशी आलो. आत वाळक्या पानांत काहीतरी हललं. मी तिथेच उभा राहिलो. शंभरपर्यंत आकडे मोजले, म्हणजे जाऊन आल्याएवढा वेळ होईल. मग वर जाऊन सांगितलं, काही नाही. आबांनी "नक्की?" असंही विचारलं नाही. "चल मग," म्हणाले.

डुक्कर त्याच घळीत होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आबांना नाही, तुझ्या आईला नाही. रोज पूजेला बसतो तेव्हा देवालाही सांगत नाही. त्याला माहीत असणार, म्हणून वेळ मारून नेतो.

काल मी आत गेलो. जंगली गुलाबाचे काटे, खाली चिखल, दोन ठिकाणी रांगावं लागलं. टोकाला एक पडलेला कॉटनवुड आहे, त्याच्या बुंध्याखालीही हात घालून बघितलं. काही नव्हतं. वर येऊन तुला सांगितलं, काही नाही. तू लगेच "ओके" म्हणालीस. विचारलंही नाहीस.

मग तू खिशातून तो टॅग काढलास. जनावर मिळालं की त्यावरचा महिना आणि तारीख सुरीने कापायची आणि तो त्याच्या शिंगाला बांधायचा, वर्षाला एकच मिळतो, हे मला कोर्समुळे माहीत होतं. आपल्यापुढे जनावर नव्हतं. तू दगडावर ठेवून महिना कापलास, तारीख कापलीस.

मी म्हणालो, "अजून पाच दिवस आहेत सीझनचे. कुणी बघत नाही इथे."

"मी माझा मारला, बाबा. फक्त तो मला मिळाला नाही."

आणि तो कापलेला टॅग तू घडी करून खिशात ठेवलास.

माझ्या शब्दावर तू तुझं वर्ष संपवलंस. म्हणून हे तुला माहीत असायला हवं की हाच शब्द मी पूर्वी एकदा खोटा दिला होता. या वेळी मी टोकापर्यंत गेलो. तू विश्वास ठेव असं म्हणायचा मला हक्क नाही. तुला शंका आली तर स्वतः जाऊन बघ. मी सोबत हवा असेन तर येईन, नको असेन तर येणार नाही.

डबा तिथेच राहिला. राहू दे.

बाबा


बॉथेल, २२ ऑक्टोबर २००६

मीनाक्षी,

काल लक्ष्मीपूजनाला मी एकटाच होतो. बाल्कनीत दोन पणत्या लावल्या, वाऱ्याने एक विझली. तेवढ्यात तुझा फोन. आत्ता तो पुन्हा पहिल्यापासून आठवून लिहितो, माझ्यासाठीच. 

तू म्हणालीस, पत्र आज आलं. मी विचारलं, मग? जाऊन बघणार?

"मी जाऊन आले. बुधवारीच. पत्र यायच्या आधी."

 म्हणजे शंका होती तर, मी म्हणालो.

"शंका नाही हो. जस्ट, मला झोप लागेना. म्हटलं एकदा सगळीकडे स्वतः फिरावं, मग सोडावं." मग तू हसलीस. दोन वर्षांनी ऐकलं ते हसणं. "घळीत चिखल आहे ना, त्यात तुमचे ठसे आहेत. पार त्या पडलेल्या झाडापर्यंत. दोन ठिकाणी गुडघे टेकलेत. एका ठिकाणी तुम्ही पूर्ण आडवे झालायत, बाबा, कोटाची बटणंसुद्धा उमटलीत. एवढं काय शोधत होतात तिथे?"

 तू म्हणालीस, थँक्सगिव्हिंगला येते, येताना काही आणत नाही, तुम्ही वरण करा. मी बरं म्हणालो. फोन ठेवला.

आणि मग, मीनाक्षी, पणतीत तेल घालता घालता माझा हात थांबला.

तू दोन वर्षांची शिकारी. आदल्या दिवशीच्या चिखलात तू माझे गुडघे वाचलेस, बटणं वाचलीस. आबा तर वीस वर्षांचे शिकारी होते. अनसूयाबाईला खाटेवर घालून नेल्यावर दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन ते त्याच घळीत उतरले, त्या डुकराला त्यांनीच संपवलं. ओला नाला, मऊ माती. माझे अनवाणी पाय घळीच्या तोंडाशी येऊन थांबलेत, आत एकही पाऊल नाही, हे त्यांना दिसलं नसेल?

लोक विचारायचे तेव्हा ते म्हणत, "माझीच चूक, मी मागे गेलो नाही." हे वाक्य मी तुला लिहिलं ते मी बनवलेलं नव्हतं. त्यांचंच होतं. शहाण्णव साली ते गेले. पंचवीस वर्षं आम्ही शेजारी बसून जेवलो, आणि मी समजत होतो की मी लपवतोय.

बाबा